पंचगंगेचा घाट जलरंगात: जागा, ओलावा आणि कामाचा क्रम

जलरंगातील निसर्गचित्र बिघडते ते बहुतेक वेळा रेखाटन कच्चे असल्यामुळे किंवा रंग चुकीचा निवडल्यामुळे नव्हे, तर योग्य रंग अयोग्य वेळी कागदावर ठेवल्यामुळे. कागद किती ओला आहे आणि ब्रशमध्ये किती पाणी आहे, या दोन गोष्टींचा मेळ ज्याला साधता येतो, त्याचे साधे चित्रही ताजे दिसते. ज्याला तो साधत नाही, त्याच्या चित्रात उत्तम रेखाटन असूनही मळकटपणा येतो. या लेखात कोल्हापूर परिसरातील जागा डोळ्यांसमोर ठेवून निसर्गचित्राची तयारी, ओलाव्याची पारख आणि पंचगंगा घाटाचे एक चित्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसे करावे, याची मांडणी केली आहे. पेन्सिल आणि ब्रश हाताळण्याची प्राथमिक सवय वाचकाला आहे, असे गृहीत धरले आहे.

आधी काय पाहावे

कोल्हापूरच्या निसर्गचित्रकाराला प्रेरणेसाठी दूर जावे लागत नाही. आबालाल रहिमान (सुमारे १८६०–१९३१) मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारात चित्रकार म्हणून राहिले आणि रंकाळा, कोटितीर्थ अशा रोजच्या पाहण्यातल्या जागा त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवल्या. परदेशातून आलेले हे माध्यम आणि त्यातली यथादर्शनाची (अंतर आणि खोली दाखवण्याची) शिस्त त्यांनी इथल्या उन्हाला आणि इथल्या पाण्याला लावून पाहिली. त्यांच्या कामातून मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे एकाच परिसराशी त्यांनी राखलेली निष्ठा. नवे दृश्य शोधत फिरण्यापेक्षा ओळखीचे दृश्य वेगवेगळ्या प्रहरी पाहणाऱ्या चित्रकाराला प्रकाश लवकर कळतो, कारण जागेची रचना त्याला पाठ झालेली असते आणि सगळे लक्ष बदलणाऱ्या गोष्टीकडे देता येते.

टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात कोल्हापूरच्या चित्रकारांची कामे पाहायला मिळतात. राजारामपुरीत चंद्रकांत मांढरे यांच्या घरातच त्यांचे कलासंग्रहालय आहे. अभिनेते म्हणून ते सर्वांना परिचित असले, तरी पावडर शेडिंगमधील (कोरडी पूड कागदावर चोळून छटा देण्याच्या पद्धतीतील) त्यांची निसर्गचित्रे जलरंगाच्या विद्यार्थ्याने अवश्य पाहावीत. माध्यम वेगळे असल्यामुळे तिथे रंगाच्या तंत्राची नक्कल करण्याचा मोह होत नाही आणि दूरचे झाड जवळच्या झाडापेक्षा नेमके किती फिकट ठेवले आहे, याकडे सरळ लक्ष जाते.

संग्रहालयात जाताना छोटी वही बरोबर ठेवावी. जलरंगातील चित्रापुढे उभे राहून त्याचा क्रम उलगडण्याचा प्रयत्न करावा: सर्वांत आधी कोणता वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, दिला असेल, कुठे कागद कोरा सोडला आहे, कोणती कड ओल्यात विरघळली आहे आणि कोणती कोरड्यावर ठेवल्यामुळे धारदार राहिली आहे. जलरंग पारदर्शक असल्यामुळे खालचा थर वरच्या थरातून दिसतो, म्हणून हा क्रम बराचसा वाचता येतो. अशा रीतीने एक चित्र अर्धा तास पाहिल्याने जे समजते, ते भराभर पन्नास चित्रे पाहून समजत नाही.

साहित्य

साहित्याबद्दल थोडक्यात सांगतो, पण कागदाच्या बाबतीत तडजोड करू नये. शंभर टक्के कापसाचा, ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम) वजनाचा, कोल्ड प्रेस्ड (मध्यम खरखरीत) किंवा रफ (जास्त खरखरीत) पोताचा कागद घ्यावा. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद असमान वाळतो, त्यावरचा रंग पुन्हा उचलता येत नाही आणि शिकणाऱ्याला आपला हात वाईट आहे असे वाटू लागते, जेव्हा दोष कागदाचा असतो. पैसे वाचवायचे असतील तर रंगांची संख्या कमी करावी. पूर्ण इम्पिरियल कागद २२ × ३० इंचांचा येतो. त्याचे चार भाग केले की ११ × १५ इंचांचा तुकडा मिळतो आणि जागेवर बसून एका बैठकीत पूर्ण होणाऱ्या चित्राला हे माप योग्य आहे.

एक मोठा गोल ब्रश, ज्याचे टोक चांगले जुळते, एक मध्यम गोल, एक इंचाचा सपाट आणि बारीक फांद्यांसाठी लांब केसांचा रिगर, एवढे ब्रश पुरतात. रंगांत अल्ट्रामरीन ब्लू, कोबाल्ट किंवा सेरुलियन ब्लू, यलो ऑकर, गॅम्बोज, बर्न्ट सिएना, लाइट रेड, बर्न्ट अंबर आणि एक गडद किरमिजी घ्यावा. जुन्या पद्धतीचा अलिझरिन क्रिमझन उजेडात फिका पडतो, म्हणून किरमिजी घेताना ट्यूबवर टिकाऊपणाची खूण पाहून घ्यावी. पाण्याची दोन भांडी ठेवावीत, एक ब्रश धुण्यासाठी आणि दुसरे स्वच्छ पाणी घेण्यासाठी. सुती फडके मात्र विसरू नये, कारण ब्रशमधील पाणी कमी-जास्त करण्याचे ते मुख्य साधन आहे.

कागदाचा ओलावा ओळखणे

आता मुख्य विषयाकडे येतो. कागदावर सपाट वॉश दिल्यानंतर तो पूर्ण वाळेपर्यंत चार अवस्थांतून जातो आणि त्या ओळखण्यासाठी बोर्ड डोळ्यांच्या पातळीला आणून कागदाकडे तिरके पाहावे लागते.

पहिल्या अवस्थेत कागदावर पाणी साचलेले असते आणि आकाश त्यात आरशासारखे चकाकते. या वेळी टाकलेला रंग दूरवर पसरतो आणि त्याचा आकार राहत नाही. ढगांच्या विरळ कडा, दोन रंगांचे हळुवार मिश्रण आणि आकाशातील छटांचे संक्रमण याच वेळी करावे. दुसऱ्या अवस्थेत चकाकी मंद होते आणि कागदाचा पोत दिसू लागतो. आता ब्रशमध्ये दाट रंग आणि कमी पाणी घेऊन टेकवले, तर आकार राहतो पण कड मऊ होते. धुक्यातली झाडे, दूरच्या टेकड्या आणि पाण्यातली अस्पष्ट प्रतिबिंबे यांच्यासाठी ही वेळ सोन्याची आहे आणि ती फार थोडी टिकते.

तिसरी अवस्था फसवी असते. चकाकी पूर्ण गेलेली असते, कागद वाळला असे वाटते, पण हाताची मागची बाजू लावली तर तो गार लागतो. या वेळी पाणीदार ब्रश लावला की नवे पाणी अर्धवट वाळलेल्या रंगाला बाहेर ढकलते आणि फुलकोबीसारखा कातरलेल्या कडेचा डाग उठतो. तो नंतर पुसता येत नाही. या अवस्थेत ब्रश खाली ठेवून थांबणे हेच काम असते. चौथ्या अवस्थेत कागद हाताला कोमट आणि कोरडा लागतो आणि पुढचा थर देता येतो.

यातून पाळण्याजोगा एकच नियम निघतो: पहिला वॉश दिल्यानंतर ओल्या कागदाला स्पर्श करणाऱ्या ब्रशमध्ये कागदावरील पाण्यापेक्षा कमी पाणी असले पाहिजे. प्रत्येक वेळी रंग घेतल्यावर ब्रश फडक्याला टेकवण्याची सवय लागली की निम्म्या अडचणी संपतात. हा सराव चित्र न काढता करावा. एका कागदाच्या चार पट्ट्या करून प्रत्येक पट्टीवर सारखाच निळा वॉश द्यावा आणि दर दोन मिनिटांनी त्यावर बर्न्ट सिएनाचा एक ठिपका ठेवत जावे. वाळलेली पट्टी पाहिली की कोणत्या क्षणी रंग कसा वागला, हे समोर दिसते.

हवामान बदलले की या अवस्थांचा कालावधी बदलतो, म्हणून हा सराव वर्षातून एकदा करून भागत नाही. एप्रिलच्या दुपारी दुसरी अवस्था आली कधी आणि गेली कधी हे कळतही नाही. अशा दिवसांत कागदाची मागची बाजूही स्वच्छ पाण्याने भिजवून तो ॲक्रिलिकच्या पातळ पाटीवर पसरावा, म्हणजे तो खालूनही ओला राहतो. जुलैमध्ये याच्या उलट, वॉश तासभरसुद्धा ओलसर राहतो आणि घाई करणाऱ्याच्या चित्रात सगळ्या कडा विरघळतात. पावसाळ्यात पाणी कमी घ्यावे, कोरड्या कागदावर थेट आकार ठेवून काम करावे आणि घरी असल्यास केस वाळवण्याचे यंत्र लांब धरून वापरावे.

जागा आणि प्रहर

पंचगंगा घाटावर सकाळी सूर्य शहराच्या बाजूने वर येतो, त्यामुळे नदीच्या पात्राकडून पाहणाऱ्याला देवळे आणि समाध्या प्रकाशाच्या विरुद्ध, गडद आकारांत दिसतात. संध्याकाळी तोच घाट समोरून उजळतो आणि दगडाचे तपशील दिसू लागतात. सुरुवात करणाऱ्याने सकाळ निवडावी. आकार सोपे होतात, रंग मोजके लागतात आणि हिवाळ्यात पाण्यावर धुके असेल तर मागचे सगळे दृश्य आपोआप फिके होते.

रंकाळ्यावर शहराच्या बाजूने पश्चिमेकडे पाहत बसले, तर संध्याकाळी शालिनी पॅलेसची बाजू सावलीत जाते आणि पाणी उजळ राहते. संध्यामठाचे चित्र करताना तळ्यातील पाण्याची पातळी पाहून जावे, कारण पावसाळ्यात त्याचा खालचा भाग पाण्याखाली जातो आणि उन्हाळ्यात पूर्ण रचना उघडी पडते. दोन ऋतूंत ही एकच वास्तू दोन वेगळ्या रचना देते.

पन्हाळ्यावर हवेतील अंतराचा अभ्यास उत्तम होतो. तिथून जोतिबाच्या डोंगराकडे पाहताना एकामागे एक थर दिसतात आणि प्रत्येक मागचा थर अधिक निळसर, अधिक फिका आणि कमी तपशिलाचा असतो. पायाखालची जांभ्याची लाल माती लाइट रेड आणि बर्न्ट सिएनाने करावी आणि तिला दूरच्या निळ्याशी थेट भिडू द्यावे.

उसाचे मळे हा इथला सर्वांत अवघड विषय आहे, असे माझे मत आहे. तो सगळीकडे असतो आणि सगळीकडे सारखाच हिरवा असतो. ट्यूबमधील तयार हिरवा वापरला तर मळा प्लास्टिकसारखा दिसतो. गॅम्बोज आणि अल्ट्रामरीन मिसळून, त्यात बर्न्ट सिएनाचा स्पर्श देऊन हिरवा तयार करावा. उन्हाच्या बाजूला पिवळा जास्त आणि सावलीत सिएना जास्त ठेवावा. पाने वेगवेगळी काढू नयेत. संपूर्ण मळा हा एक आकार मानून त्याची वरची कड तेवढी तुटक ठेवावी आणि बांधाजवळ दोनचार पाती सुट्या दाखवावीत. हिवाळ्यात तुरे येतात तेव्हा आकाशाचा वॉश दुसऱ्या अवस्थेत असताना कोरडसर स्वच्छ ब्रशने तुऱ्यांच्या जागी रंग उचलून घ्यावा. पांढरा रंग लावून केलेले तुरे कधीच इतके हलके दिसत नाहीत.

घाटाचे चित्र, टप्प्याटप्प्याने

जागेवर पोहोचल्यावर लगेच कागद काढू नये. आधी वहीत हाताच्या तळव्याएवढ्या चौकटी करून मऊ पेन्सिलीने दोनतीन छोटे आराखडे करावेत आणि त्यांत फक्त तीन टोन, म्हणजे उजळ-गडदपणाच्या पातळ्या, वापरावेत: कोरा कागद, मधला करडा आणि गडद. आकाश आणि पाणी उजळ, मागची झाडी मध्यम, देवळे गडद, असे सोपे वाटप या दृश्यात मिळते. तीन टोनमध्ये आराखडा वाचता येत नसेल, तर रंगांनी तो सुधारणार नाही. शिखर चौकटीच्या बरोबर मध्यभागी येऊ देऊ नये आणि पाण्याची रेषा कागदाला अर्ध्यात कापणार नाही, याची काळजी घ्यावी.

बसण्याची जागा सावलीत हवी. कागदावर थेट ऊन पडले तर डोळे दिपतात आणि सगळे रंग आपण गरजेपेक्षा गडद लावतो. छत्री घ्यायची तर पांढरी किंवा काळी घ्यावी, कारण रंगीत छत्रीचा उजेड कागदावर उतरतो.

मूळ कागदावरील रेखाटन दहा-पंधरा मिनिटांत, हलक्या हाताने पूर्ण करावे. सावल्यांच्या कडा पेन्सिलीने आताच ठरवून ठेवाव्यात. तास-दीड तासात त्या सरकतात आणि सरकत्या सावल्यांच्या मागे लागलेल्या चित्रात प्रकाशाची दिशाच उरत नाही. कुठे कागद कोरा राहणार, हेही याच वेळी ठरवावे: धुणे धुणाऱ्या बाईच्या खांद्यावरचे ऊन, पायऱ्यांच्या एक-दोन कडा, पाण्यावरची चमक. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग कागदच देतो, म्हणून ही निवड नंतर करता येत नाही.

बोर्ड पाठीमागून थोडा उचलावा. पूर्ण कागदावर, राखीव जागा सोडून, स्वच्छ पाणी फिरवावे. वर कोबाल्टचा पातळ निळा, खाली येताना तो कमी करत क्षितिजाजवळ यलो ऑकर आणि त्यात लाइट रेडचा अंश द्यावा आणि न थांबता तोच वॉश पाण्याच्या भागात उतरवत तळाशी पुन्हा निळा करावा. देवळांच्या आकारांवरून हा वॉश बिनदिक्कत जाऊ द्यावा, कारण ते नंतर गडदच होणार आहेत. आकाश आणि नदी एकाच वॉशमध्ये झाल्यामुळे दोन्हींत एकच प्रकाश दिसतो. जलरंग वाळल्यावर फिका होतो, म्हणून ओला असताना तो किंचित जास्त गडद वाटला पाहिजे.

चकाकी मंद झाली की अल्ट्रामरीनमध्ये थोडा बर्न्ट सिएना मिसळून, ब्रश फडक्याला टेकवून, मागच्या झाडीचे आकार ठेवावेत. त्यांची खालची कड धुक्यात विरण्यासाठी स्वच्छ, ओलसर ब्रश एकदाच फिरवावा. दुसऱ्यांदा फिरवण्याचा मोह टाळावा. त्यानंतर कागद पूर्ण वाळू द्यावा. हा वेळ पाहण्यात घालवावा: माणसे कुठून येतात, कुठे वाकतात, म्हशी पाण्यात किती बुडाल्या आहेत, हे वहीत टिपून ठेवावे.

यानंतर देवळे आणि दीपमाळ यांचा काळा दगड. कोल्हापुरातील जुने बांधकाम बहुतांशी बेसॉल्टचे आहे आणि त्यासाठी काळा रंग अजिबात वापरू नये. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणातून हवा तसा करडा मिळतो: निळा जास्त घेतला तर पावसात भिजलेला दगड, सिएना जास्त घेतला तर उन्हाळ्यातला धुळकट दगड. शिवाय अल्ट्रामरीनचे कण जड असल्यामुळे ते कागदाच्या खळग्यांत बसतात आणि दगडाचा खरखरीतपणा न रंगवता उमटतो. दोन्ही रंग पॅलेटवर पूर्ण घोटू नयेत. ते कागदावरच एकमेकांत मिसळू द्यावेत. शिखराकडून सुरुवात करून खाली येताना ब्रशला भरपूर ओला रंग ठेवावा, म्हणजे वॉशच्या खालच्या कडेला थेंबांची ओळ साचते आणि ती खाली ओढत नेता येते. सगळी देवळे, भिंती आणि त्यांच्या पडछाया हा एक जोडलेला आकार समजावा. वर थंड निळसर, पायथ्याशी पायऱ्यांवरून परावर्तित होणारा उबदार ऑकर, असा बदल त्या आकाराच्या आतच करावा. पायथ्याची कड एक-दोन ठिकाणी ओल्या ब्रशने हरवून टाकावी.

प्रतिबिंब देवळांचा रंग ओला असतानाच खाली ओढलेले सर्वांत चांगले दिसते, पण मधल्या पायऱ्यांमुळे ते नेहमी शक्य होत नाही. तेव्हा पाण्याचा भाग वेगळा भिजवून उभ्या फटकाऱ्यांनी प्रतिबिंब द्यावे. गडद वस्तूचे प्रतिबिंब वस्तूपेक्षा थोडे उजळ असते आणि उजळ वस्तूचे थोडे गडद. हे वाळण्यापूर्वी सपाट ब्रशच्या कडेने एक-दोन आडव्या रेषांत रंग उचलला की पाण्याची पातळी स्पष्ट होते. त्याहून जास्त रेषा काढू नयेत.

पायऱ्या मोजून काढणाऱ्याचे चित्र नकाशासारखे होते. प्रकाशातला भाग सपाट ठेवून सावलीकडच्या तीनचार पायऱ्यांच्या कडा तुटक दाखवल्या की बाकीच्या पाहणाऱ्याचा डोळा भरून घेतो. माणसे काढताना डोके अपेक्षेपेक्षा लहान ठेवावे आणि पाय जमिनीला घट्ट न चिकटवता सावलीत मिसळू द्यावेत. सपाट जमिनीवर आपण उभे असू, तर जवळच्या आणि दूरच्या उभ्या माणसांची डोकी साधारण क्षितिजाच्या एकाच रेषेवर येतात. घाटावर मात्र पायऱ्यांच्या उंचीप्रमाणे ती वर-खाली होतात आणि त्यातूनच घाटाचा उतार कळतो. म्हणून माणसे निरनिराळ्या पायऱ्यांवर, दोनतीनच्या गटात ठेवावीत. दुधाच्या किटल्या घेऊन जवळच्या गंगावेस भागाकडे निघालेला एखादा माणूस दृश्याला जागेची ओळख देतो.

शेवटचे गडद स्पर्श अगदी मोजके असावेत: गाभाऱ्याचे दार, दोन देवळांमधली फट, म्हशीच्या पोटाखालची सावली. ते दिल्यावर बोर्ड दहा पावले लांब ठेवून पाहावे. तीन टोनचा मूळ आराखडा अजून दिसत असेल, तर चित्र पूर्ण झाले आहे. दिसत नसेल, तर बहुधा मधल्या टोनमध्ये नको तेवढे तपशील आले आहेत आणि एक पातळ निळसर वॉश सावलीच्या भागावरून एकाच हाताने फिरवून त्यांना एकत्र आणता येते.

घरी मोठे चित्र करायचे झाल्यास हे जागेवरचे काम आणि वहीतील टिपणे यांनाच मुख्य आधार मानावे. छायाचित्र फक्त रचनेच्या तपशिलासाठी पाहावे, कारण कॅमेरा सावल्या काळ्या करतो आणि आकाश पांढरे करतो आणि डोळ्यांना त्या सावलीत दिसलेला निळा-ऑकर त्यात राहत नाही.

जपणूक

कोल्हापूरच्या पावसाळ्यात कोरा कागदही खराब होतो. दमट हवेत त्यावरचे सरसाचे लेपन ठिकठिकाणी निकामी होते आणि तिथे रंग टीपकागदासारखा शोषला जातो. हे डाग वॉश दिल्यावरच दिसतात, म्हणून जून लागण्यापूर्वी कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून, आडवा आणि भिंतीपासून दूर ठेवावा. पूर्ण झालेल्या चित्राला आम्लरहित माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) लावावा, जेणेकरून काच कागदाला टेकणार नाही. टेकली तर आतल्या बाजूला दव धरते आणि बुरशी येते. फ्रेम पावसाची झड लागणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर लावू नये, थेट ऊन पडेल अशा ठिकाणीही लावू नये, आणि फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे छोटे तुकडे चिकटवावेत, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यामध्ये हवा खेळती राहते.